झोप गेलेली नसते

नाकाबंदीत चालक यंत्रात फुंकतो आणि आकडा शून्य येतो. पण ते यंत्र ओळखतं फक्त दारू. एमडी (मुंबईत मेफेड्रोनचं हेच चालू नाव), कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन) घेतलंय का हे पाहायला रक्त, लघवी किंवा लाळ तपासावी लागते.

हे उत्तेजक पदार्थ मेंदूत डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही सतर्क ठेवणारी रसायनं वाढवतात. तरतरी येते. पेंगुळलेल्या माणसाचा हात थोड्या मात्रेने थोडा चपळही होतो, आणि गफलत होते ती इथेच. कारण लक्षाचा झोत अरुंद होतो. पुढच्या गाडीचे दिवे दिसतात, डावीकडून घुसणारी रिक्षा दिसत नाही. फट पुरेल असं वाटतं, पुरत नाही.

डोळ्यांचंही तेच. बाहुल्या मोठ्या होतात. व्यास 3 मिलिमीटरचा 6 झाला, तर आत शिरणारा प्रकाश चौपट होतो. पावसात ओल्या काचेवर समोरचा हेडलाइट पसरला की काही क्षण रस्ताच पुसला जातो.

खरा घात मात्र उतरताना होतो. झोप औषधाने दाबलेली असते, फेडलेली नसते. अंमल ओसरला की ती एकदम अंगावर येते आणि उघड्या डोळ्यांनीही डुलकी लागते. अटल सेतूवर मोटारीला ताशी 100 किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला जवळपास 28 मीटर. चार सेकंदांच्या डुलकीत गाडी लोकलच्या पाच डब्यांएवढं अंतर चालकाविना कापते. म्हणून रात्री घेतलं आणि सकाळी निघालो, हा हिशेब चुकतो. मेथचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 10 ते 12 तास लागतात.

सोबत दारू असेल तर नशा चढल्याचं जाणवत नाही, पण ताबा गेलेलाच असतो. कोकेन आणि दारू यांतून यकृतात कोकाएथिलीन बनतं, ते हृदयाला अधिक घातक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये दारूसाठी 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. अमली पदार्थांना असा आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल, एवढंच पुरतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. (डॉक्टरांनी एकाग्रतेच्या विकारासाठी ठरवून दिलेली उत्तेजक गोळी हा वेगळा विषय. ती मनाने बंद करू नये.)

शेजारच्या सीटवर बसलेल्याला खुणा दिसतात: जबडा चावणं, न थांबणारी बडबड, अंधुक उजेड नसतानाही टपोऱ्या बाहुल्या. किल्ली मागून घ्यायची ती शिवडीला सेतूवर चढण्याआधी. वर थांबायला मनाई आहे.