थायमिन, गंधक आणि एका नावाचा घोळ

शेळी मान पाठीवर टाकून आकाशाकडे बघत राहते, डोळे शाबूत असून भिंतीला धडकते, मग आडवी पडून पाय झाडते. अशा वेळी बी-१ जीवनसत्त्वाचे, म्हणजेच थायमिनचे इंजेक्शन देतात. वेळेत दिले तर काही जनावरे थोड्याच तासांत सावरतात. म्हणून 'थायमिन कमी पडले' हे निदान गोठ्यात पक्के बसले आहे. त्यामागचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

थायमिनचा शोध मुळात कोंबड्यांमुळे लागला. १८९० च्या दशकात जावा बेटावर सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडल्या आणि कोंडा दिल्यावर सुधारल्या. १९२६ मध्ये कोंड्यातून हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात मिळाले, १९३६ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. दरम्यान १९३२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कच्चे कार्प मासे खाणारे पाळीव कोल्हे पंगू होऊन मेले. माशांतले थायमिनेज हे विकर थायमिन तोडत होते. मासे शिजवले की ते निकामी होते.

रवंथ करणाऱ्या जनावरांचे गणित वेगळे, कारण त्यांच्या पोटातले जिवाणूच थायमिन बनवतात. तरीही १९५६ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात गुरा-मेंढ्यांच्या मेंदूचा एक आजार नोंदला गेला आणि त्याला नाव मिळाले 'पोलिओएन्सेफॅलोमलेशिया'. ग्रीक 'पोलिओस' म्हणजे करडा. मेंदूचा करडा भाग मऊ पडणे, एवढाच या नावाचा अर्थ. पोलिओच्या विषाणूशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरी अमेरिकेतील शेळीपालक त्याला सर्रास 'गोट पोलिओ' म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याच आजाराला 'सेरेब्रोकॉर्टिकल नेक्रोसिस', म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी मरणे, असे म्हणू लागले.

दोन्ही नावे सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते ते सांगतात, आजार कशाने झाला ते सांगत नाहीत. पण १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये आजारी जनावरांच्या पोटात थायमिनेज सापडले, काहींना बी-१ ने गुणही आला. कोंबड्यांच्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगावर वापरले जाणारे अॅम्प्रोलियम हे औषध थायमिनच्या आड येते. त्याचा भरपूर डोस देऊन मेंदूची तीच विकृती मुद्दाम घडवता आली. झाले! विकृतीचे नाव हेच कमतरतेचे नाव ठरले. धान्य जास्त, चारा कमी असलेल्या खुराकावर पोटातले जिवाणू बदलतात आणि थायमिनेज वाढते, हे स्पष्टीकरण चांगले होते. पण एका कारणाचे नाव सगळ्या रोगावर चिकटवणे ही माझ्या मते घाईच होती.

ती उघडी पडली गंधकामुळे. क्युबात उसाच्या मळीवर पोसलेल्या गुरांत मेंदूची तशीच विकृती दिसली होती. मळीत गंधक भरपूर असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्तर अमेरिकेतील कामातून उलगडा होत गेला. जादा गंधकापासून पोटात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, ढेकरेसोबत तो वर येतो आणि श्वासातून फुप्फुसांत, तिथून रक्तात जातो. अशा अनेक जनावरांच्या रक्तातले थायमिन नेहमीइतकेच निघाले! शिसे किंवा मिठाच्या विषबाधेतही मेंदू जवळपास असाच दिसू शकतो. २००५ च्या अमेरिकी शिफारशींनी गंधकाची कमाल मर्यादा घातली: धान्यप्रधान आहारात कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के, चाराप्रधान आहारात ०.५ टक्के.

इथेनॉलमुळे हा विषय आता आपल्या गोठ्यापर्यंत आला आहे. मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस हा वाळवलेला चोथा भारतात पशुखाद्यात येऊ लागला. कारखान्यात आम्लता राखायला सल्फ्युरिक आम्ल वापरले असेल तर गंधकाचा अंश त्यात उतरतो. त्यात बोअरचे पाणी सल्फेटचे असेल तर तेही याच हिशेबात धरायला हवे. फक्त खाद्याच्या पोत्यावरचे आकडे बघून भागत नाही.

इंजेक्शनने शेळी उठली म्हणजे थायमिनच कमी होते, असेही नाही. गंधकाच्या काही रुग्णांनाही बी-१ चा उपयोग होतो. म्हणून कळपात दुसरे जनावर तसेच पडले की पशुवैद्य खाद्यासोबत पाण्याचाही नमुना मागतात.