गांधारीचं क्वेन्या नाव काय?

फॅनफिक्शन लिहिणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न: माझ्या पात्राचं नाव टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीतल्या एल्फांच्या भाषेत, म्हणजे उदाहरणार्थ क्वेन्यात, कसं होईल? नेटवर 'नाव टाका, एल्फ नाव मिळवा' छापाची यंत्रं ढिगाने सापडतात. त्यातली बरीचशी एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवतात, काही नुसती लिपी बदलून मोकळी होतात. 'गांधारी' रोमन लिपीत लिहिलं म्हणून ते काही इंग्रजी होत नाही. मग टॉल्किनच्या टेंग्वार लिपीत लिहिल्याने ते एल्फांचं कसं होईल? परक्या भाषेत शिरताना नावाचं काय होतं, हे ध्वनिशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. त्याचा २२०० वर्षांहून जुना पुरावा तर दगडावर कोरलेला आहे.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं येतात. इजिप्तचा दुसरा टॉलेमी त्यातला एक. ग्रीकमध्ये तो 'प्तोलेमाइओस'. वायव्येकडच्या शाहबाजगढीच्या लेखात त्याचा झाला 'तुरमय'. शब्दारंभी 'प्त' प्राकृताला झेपत नाही, म्हणून प गळाला. शेवटचा ग्रीक प्रत्ययही गेला. 'अलेक्सांद्रोस'चा झाला 'अलिकसुदर'. क्स फुटून क आणि स वेगळे झाले, द्र फुटून 'दर' झाला. आता हाच लेख डेहराडूनजवळच्या कालसीला वाचा. तिथे तीच नावं 'तुलमय' आणि 'अलिक्यषुदल' अशी आहेत, कारण कालसीच्या बोलीत र सरसकट ल होतो. राजासुद्धा तिथे 'लाजा' आहे. राजे तेच, लेख तोच, पण दोन बोलींच्या दोन चाळण्यांमधून नावं निरनिराळी गळून आली. ही मोडतोड लेखनिकाच्या अज्ञानातून झाली, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो. ती इतकी नियमित आहे की तिच्यावरून बोली ओळखता येते.

ही चाळणी असते तरी कुठे? जिभेवर, असं वाटणं साहजिक आहे. पण ती बऱ्याच अंशी कानात असते, किंवा खरं तर कानामागच्या मेंदूत. एमान्युएल द्युपू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली याबद्दलचे सुंदर प्रयोग प्रसिद्ध केले. जपानीत ब्झ सारखं जोडाक्षर चालत नाही. त्यांनी 'एबुझो' यासारख्या निरर्थक शब्दांची ध्वनिमुद्रणं घेतली आणि मधला उ थोडा थोडा कापत नेला, पार नाहीसा होईपर्यंत. उरला 'एब्झो'. फ्रेंच श्रोत्यांना उ गेलेला कळला. जपानी श्रोत्यांना मात्र तो बहुतेक वेळा ऐकू येतच राहिला! नसलेला स्वर मेंदूने स्वतः भरला. आणि फ्रेंचांनी लगेच कॉलर ताठ करू नये. 'एबुझो' आणि 'एबूझो' यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जपान्यांना सहज कळला, तिथे फ्रेंचांची दांडी उडाली. सांगायचा मुद्दा हा, की परकं नाव आपण आधी ऐकतानाच बदलतो. उच्चारायची वेळ नंतर येते.

आता गांधारीकडे वळू. टॉल्किनच्या क्वेन्या भाषेत ग एकटा उभा राहत नाही, त्याला आधी अनुनासिक लागतं. द सुद्धा न, ल किंवा र यांच्या पाठोपाठच येतो. ध नाहीच. जोडाक्षराआधीचा दीर्घ स्वर सहसा ऱ्हस्व होतो, शब्दान्ती दीर्घ स्वर राहत नाही. म्हणजे 'न्धा'चा 'न्दा' झाला की तो भाग सुटला. अडचण उरते ती फक्त पहिल्या ग ची.

इथे शाळेतलं व्याकरण कामी येतं. हस्त हा तत्सम, हात हा तद्भव. तद्भव शब्द शतकानुशतकं जिभांवरून घरंगळत आलेला असतो, त्यामुळे भाषेत झालेले सगळे ध्वनिबदल त्यालाही सोसावे लागतात. उसना शब्द आज आला, तर त्याला फक्त आजची चाळणी लागते. टॉल्किन पेशाने भाषाशास्त्रज्ञ असल्याने त्याने कल्पित भाषांनाही असा इतिहास दिला. झाडासाठीच्या 'गलदा' या प्राचीन रूपाचं सिंदारिन या एल्फांच्या दुसऱ्या भाषेत 'गलध' झालं, पण क्वेन्यात आद्य ग लोपला, मधला स्वरही पडला, आणि उरलं 'अल्दा'. तेव्हा एल्फांनी गांधारीचं नाव काल ऐकलं असेल, तर ग च्या जवळचा क येईल आणि ती 'कंदारि' होईल. तिचं नाव त्यांच्यात आदिकाळापासून असेल, तर ग जाईल आणि ती होईल 'अंदारि'.

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या राणीचं नाव 'अंधारी'च्या इतकं जवळ! मीही क्षणभर हरखलो. पण आता कुणी टॉल्किनने संस्कृतातून चोरी केल्याचं सिद्ध करू नये, आणि नावात अक्षर वाढवून ग्रह फिरवणाऱ्यांनीही इकडे येऊ नये. ज्या भाषेत ध्वनी थोडे आणि शब्दरचनेचे नियम कडक, तिथे वेगवेगळी नावं एकमेकांच्या अंगावर येऊन आदळणारच. ते नुसतं संख्याशास्त्र आहे.

नियम बदलले की निकालही बदलतो. 'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रांडने मुद्दाम आडवळणी केली. तिच्यात द नाही, ड आहे. ग नाही, पण घशात घासणारा, ग़ सारखा एक ध्वनी आहे. गांधारी तिथे 'ग़ांडारी' अशी काहीतरी होईल. क तर या भाषेत नाहीच, त्यामुळे 'क्लिंगॉन' हा शब्द खुद्द क्लिंगॉनांना उच्चारता येत नाही. ते स्वतःच्या भाषेचं नाव जवळजवळ 'त्लिंगान' असं घेतात.

राहिला अर्थाचा मार्ग. तो मी शक्यतो टाळतो, कारण 'गांधार देशाची' हे नाव वाटत नाही, पत्ता वाटतो. मात्र अर्थ पात्राला चिकटलेला असेल, तर या मार्गासारखी मजा नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या सॅमवाइजचं नाव जुन्या इंग्रजीतल्या 'अर्धशहाणा' या शब्दावरून आलं. छापताना गाळलेल्या त्या पुस्तकाच्या एका उपसंहारात कथेतला राजा त्याला सिंदारिनमध्ये पत्र लिहितो आणि नावाचा चोख अनुवाद करतो: 'पेर' म्हणजे अर्धा, 'साएल' म्हणजे शहाणा. समासात स चा ह होतो, हा त्या भाषेचा नियमही पाळलेला आहे, म्हणून 'पेरहाएल'. आणि लगेच पुढे राजा लिहितो, की याला खरं तर 'पंथाएल' म्हणायला हवं, म्हणजे पूर्ण शहाणा.