मेगापिक्सल जास्त म्हणजे फोन भारी?

आत्याला फोन घ्यायला राजारामपुरीत गेलो, तर दुकानदाराचं पहिलंच वाक्य, "मावशी, हा बघा, 50 मेगापिक्सल!" आत्यानं लगेच मान डोलावली. आकडा मोठा तेवढा फोटो चांगला, ही समजूत वर्षानुवर्षं घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे.

मेगापिक्सल म्हणजे फोटोत ठिपके किती, एवढंच. फोटो कसा येतो ते सेन्सरचा (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) आकार, लेन्स आणि फोनमधली प्रक्रिया यांवर ठरतं. स्वस्त फोनमधला 50 मेगापिक्सलचा कॅमेरा बहुधा चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सलचाच फोटो देतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना तो आणखी लहान होतो. आणि बघायचा कशावर? स्वस्त फोनमध्ये सर्रास मिळणाऱ्या 720 बाय 1600 च्या स्क्रीनवर ठिपके असतात जेमतेम साडेअकरा लाख, म्हणजे सव्वा मेगापिक्सलसुद्धा नाही!

आत्याला पाहिजे काय? नातवाशी व्हिडिओ कॉल, भजनं, भाजीवाल्याला क्यूआर कोडवर पैसे. पैशाचा व्यवहार आला की सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार, हे आधी विचारायला हवं. रॅमचा, म्हणजे फोन चालू कामासाठी वापरतो त्या मेमरीचा, आकडाही मेगापिक्सलसारखाच फसवा. जाहिरातीतल्या '4+4' मधले दुसरे 4 जीबी खरी रॅम नसते, ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा असते, आणि ती बरीच संथ.

मी फोन आत्याच्या हातात दिला, अक्षरं सगळ्यात मोठी केली आणि चष्म्याशिवाय मेसेज वाचायला सांगितला.

"दिसतंय की रे!" आत्या म्हणाली. तोच घेतला.