चारही शब्द बरोबर, तरी मार्क एकालाच

गडावर उभं राहून खाली बघितलं की ____ पठार दिसतं. पर्याय: प्रचंड, अवाढव्य, विशाल, विस्तीर्ण.

चारही शब्दांचा अर्थ मोठं असाच, पण तुम्ही बहुतेक सगळे पर्याय नीट वाचायच्या आधीच 'विस्तीर्ण'वर बोट ठेवलं असणार. 'विशाल' पण चालेल म्हणालात तर मी भांडणार नाही, पण 'अवाढव्य पठार' म्हटलं की कसंतरीच वाटतं, अवाढव्य हत्ती असतो, गर्दी प्रचंड असते, आणि हे आपल्याला कुठल्या बाईंनी वर्गात शिकवलेलं नाहीये, ऐकून ऐकून अंगात मुरलंय.

अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा नेमकं हेच तपासते. पूर्वी तिथे एकेका वाक्यात गाळलेली जागा भरायचे प्रश्न असायचे आणि पोरं फ्लॅशकार्डवर अगडबंब शब्द घोकत बसायची. २०१६ मध्ये ते प्रश्न गेले. आता परीक्षा कॉम्प्युटरवर असते (भारतासकट बाहेरच्या देशांत २०२३ पासून, खुद्द अमेरिकेत २०२४ पासून) आणि त्यात 'वर्ड्स इन कॉन्टेक्स्ट' नावाचे प्रश्न येतात. २५ ते १५० शब्दांचा छोटा उतारा, एक रिकामी जागा, चार पर्याय, आणि त्यातला सगळ्यात तर्काला धरून असलेला, नेमका शब्द निवडायचा. म्हणजे नुसता अर्थ जुळून भागत नाही.

गाळलेल्या जागांचा शास्त्रीय वापर तसा जुना आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात ब्रेस्लाउच्या (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शाळांत हा प्रकार वापरला. सलग तास घेतले की मुलं थकतात का, हे त्याला बघायचं होतं. मग १९५३ मध्ये अमेरिकेत विल्सन टेलरने उताऱ्यातला ठरावीक नंबरचा शब्द गाळायचा, समजा दर पाचवा, अशी पद्धत काढली. गंमत म्हणजे तो वाचणाऱ्याची नाही, मजकुराचीच परीक्षा घेत होता! लोकांना जितक्या जागा भरता येतील तितका मजकूर वाचायला सोपा. या पद्धतीचं नाव त्याने 'क्लोझ' ठेवलं, कारण अर्धवट गोष्ट मन आपोआप पूर्ण करतं त्याला 'क्लोजर' म्हणतात. आपल्याकडे बँकेच्या परीक्षांची तयारी करणारे यालाच सर्रास 'क्लोज टेस्ट' म्हणतात आणि स्पेलिंगमध्ये एसऐवजी झेड बघून दचकतात.

पण डोक्यात नेमकं होतं काय? १९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. त्यातलं एक साधारण असं, त्याने गरम पावाला मोजे लावले. लोणी यायच्या जागी मोजे आले की तो शब्द दिसल्यापासून साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या लहरींमध्ये एक ठळक खळगा दिसतो, ज्याला एन-४०० म्हणतात. म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूला खटकलेलं असतं.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. आपल्या 'कळ'सारखा शब्द घ्या, पोटात येते तीही कळ, यंत्राची दाबतो तीही कळ. डेव्हिड स्विनीने १९७९ मध्ये इंग्रजीतला 'बग' घेतला, किडा आणि चोरून ऐकायचं यंत्र असे त्याचे दोन अर्थ. वाक्यात कोळी, झुरळं असं सगळं सांगून झालेलं, तरी 'बग' ऐकल्याक्षणी ऐकणाऱ्यांच्या डोक्यात दोन्ही अर्थ जागे झाले, आणि पुढच्या दोन-तीन अक्षरांत हेरगिरीचा अर्थ विझला, किडा तेवढा उरला. म्हणजे संदर्भ दार अडवून उभा राहत नाही, सगळ्यांना आत घेतो आणि मग नको त्याला हाकलतो.

माझ्या मते पेपर काढणारे नेमका इथेच डाव टाकतात. पर्यायातला शब्द दिसला की त्याचा सगळ्यात ओळखीचा अर्थच पहिला उडी मारून समोर येतो आणि घाईतलं पोरगं त्यावरच टिक करून मोकळं होतं. त्यावर उपाय एकदम गावठी आहे, पर्याय हाताने झाका, जागेत स्वतःचा शब्द भरा, मराठीत सुचला तरी चालेल, आणि मग हात काढा. बोलायला कडक, पण मनाने ____. इथे 'पण'ने निम्मं काम केलंय. 'पण' काढून 'आणि' टाका, उत्तर उलटं होतं. असे 'पण', 'म्हणून', 'उलट' आधी शोधायचे, अवघड शब्दांकडे नंतर बघायचं.

आणि हा खेळ आता मशीनही खेळतं. २०१८ मध्ये गूगलने बर्ट नावाचं भाषा शिकणारं कॉम्प्युटर मॉडेल तयार केलं, त्याला शिकवताना मजकुरातले १५ टक्के शब्द निवडायचे, त्यातले बहुतेक झाकायचे आणि आजूबाजूचं वाचून ओळख म्हणायचं, चुकलं की दुरुस्त करायचं, परत पुढचा मजकूर, असं अक्षरशः अब्जावधी शब्दांवर. म्हणजे आपल्या मराठीच्या पेपरातलाच प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा, गुण पाच.