सुई न टोचता दिसणाऱ्या रक्तवाहिन्या

शरीरात कुठे संशयास्पद गाठ आली की डॉक्टर शक्यतो तिचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमाच्या बाबतीत मात्र हे टाळतात. सुईच्या वाटेनं कर्करोगाच्या पेशी डोळ्याबाहेर पसरायची भीती असते. त्यामुळे निदान काय आणि उपचारांनी गाठ मेली की नाही, हे मुख्यतः बाहुलीतून आत डोकावूनच ठरवावं लागतं. अशा वेळी रक्तवाहिन्या बरंच काही सांगतात, आणि त्या सुई न टोचता दाखवणारी एक तपासणी आहे, ओसीटी अँजिओग्राफी.

साधारण 15 ते 20 हजार जन्मांमागे एका मुलाला हा आजार होतो, बहुतेकांना पाच वर्षांच्या आतच. गाठ भराभर वाढते, रक्तपुरवठा मागे पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिनीभोवती जिवंत पेशींचा जेमतेम 100 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा थर दिसतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी मरतात आणि तिथे कॅल्शियम साचतं. गाठीकडे जाणाऱ्या, डोळ्याच्या पडद्यावरच्या (रेटिनावरच्या) वाहिन्या फुगतात, नागमोडी होतात. गाठीमुळे बाहुली पांढरी चमकते. कोट्स आजारातही बाहुली पांढरी चमकते, पण तिथे गाठ नसते, वाहिन्याच बिघडलेल्या असतात. या दोघांत गल्लत होऊन कर्करोग नसलेले डोळे काढले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

या वाहिन्या पाहायची जुनी रीत 1961 सालची. हातातल्या शिरेतून फ्लुरोसिन नावाचा डाय सोडायचा आणि तो डोळ्यात पोचला की भराभर फोटो काढायचे. तान्ह्या बाळाला त्यासाठी भूल द्यावी लागते, म्हणजे आधी काही तास उपाशी ठेवणं आलं. नंतर दिवसभर लघवी गर्द पिवळी होते. कुणी आधी सांगितलं नसेल तर लंगोट बदलताना आई दचकतेच. क्वचित डायची तीव्र अ‍ॅलर्जीही येते.

ओसीटी अँजिओग्राफीत डाय लागत नाही. समजा, पुण्यातल्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचे एकाच जागेवरून लागोपाठ दोन फोटो काढले. दुकानांच्या पाट्या जागच्या जागी असतील, स्कूटर आणि रिक्षा सरकलेल्या. दोन फोटोंतला फरक तेवढा ठेवला की रहदारीचा नकाशा हाती येतो. या तपासणीचं यंत्रही तसंच, डोळ्याच्या पडद्यावर अवरक्त प्रकाश टाकून एकाच जागेचं चित्र काही मिलिसेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा घेतं. पडदा स्थिर असतो, तांबड्या पेशी सरकतात, आणि त्यावरून केशवाहिन्यांचं जाळं थरांनुसार उभं राहतं.

बातम्यांत याला ‘वेदनारहित, सोपी’ तपासणी म्हणतात ते मला अर्धंच खरं वाटतं. सुई टळली, तरी बाळाची भूल टळत नाही. चार-पाच वर्षांचं मूल हनुवटी टेकवून बसेलही, पण सहा महिन्यांचं बाळ डोळा स्थिर ठेवणार कसं? आडव्या बाळाच्या डोळ्यावर धरता येणारी यंत्रं आहेत, पण मोजक्याच ठिकाणी. भूल देऊन करायच्या तपासणीला दवाखान्यात ‘ईयूए’ म्हणतात. हे चित्र बहुधा त्यातच उरकलं जातं. शिवाय चित्राचा आवाका लहान, कडेच्या गाठी सुटतात, कॅल्शियमची सावली पडते, आणि वाहिनीतून होणारी गळती तर दिसतच नाही. त्यासाठी आजही डायच लागतो.

खरा उपयोग मला उपचारांनंतर दिसतो. डोळ्याच्या धमनीत थेट केमोथेरपीचं औषध सोडतात तेव्हा गाठ आक्रसते, पण काही मुलांची नजर अपेक्षेइतकी सुधारत नाही. त्यांच्यातल्या काहींच्या दृष्टीच्या मध्यबिंदूजवळच्या केशवाहिन्या विरळ झालेल्या या चित्रांत दिसल्या आहेत. पडदा वरून ठीकठाक दिसत असताना नजर का अधू आहे, याचं उत्तर त्यातून मिळू शकतं.

पुण्यात हे यंत्र कुठे आहे, ही चौकशी मात्र नंतरची. फ्लॅशच्या फोटोत बाळाची एक बाहुली पांढरी चमकली किंवा डोळा तिरळा वाटला, तर आधी थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा, आणि तोही त्याच आठवड्यात. निदान झालंच तर धाकट्या भावंडांचे डोळेही दाखवायचे, कारण आरबी1 जनुकातला दोष काही घरांत वारशानं येतो.