असेंबल्ड पीसीसाठी विंडोज: ओईएम प्रत घ्यावी की रिटेल?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी पीसी जोडणाऱ्यापुढे शेवटी विंडोजचा प्रश्न येतो, आणि तिथे एकाच आवृत्तीच्या दोन प्रती वेगवेगळ्या किमतींना मिळतात. स्वस्त असते ती ओईएम (म्हणजे यंत्र जोडून विकणाऱ्यांसाठीची) सिस्टिम बिल्डर प्रत आणि महाग असते ती रिटेल प्रत. इन्स्टॉल केल्यावर दोन्हींचा स्क्रीन सारखाच दिसतो आणि अपडेटही तीच येतात. त्यामुळे जास्त पैसे मोजणे म्हणजे उधळपट्टी, असा समज सहज होतो. फरक आहे तो परवान्यात.

ओईएम परवाना ज्या यंत्रावर पहिल्यांदा बसवला, त्याच्याशी कायमचा जोडला जातो. यंत्र विकले तर तो यंत्रासोबत जातो, पण जुन्या पीसीवरून काढून नव्या पीसीवर नेता येत नाही. मग घरी जोडलेल्या यंत्रात ‘तेच यंत्र’ कशाला म्हणायचे? मायक्रोसॉफ्टच्या लेखी त्याची ओळख मदरबोर्डवर, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर जोडले जातात त्या मुख्य बोर्डावर, ठरते. रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा एसएसडी बदलल्याने परवान्याला बाधा येत नाही. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला, तरीही परवाना टिकतो. मात्र इंटेलचा प्रोसेसर सोडून एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर जायचे ठरवले, तर मदरबोर्ड बदलावाच लागतो आणि तो बिघाडामुळे बदललेला नसल्याने नियमानुसार ते नवे यंत्र ठरते. कॅबिनेट, पॉवर सप्लाय आणि डिस्क जुन्याच असल्या तरी नवा परवाना घ्यावा लागतो.

रिटेल परवान्यावर हे बंधन नाही. तोही एका वेळी एकाच यंत्रावर चालतो, पण जुन्या यंत्रावरून काढून टाकला की नव्यावर बसवता येतो. दर दोन-चार वर्षांनी मदरबोर्ड बदलणाऱ्याला माझ्या मते रिटेलच परवडते. एकदा पीसी जोडून तो मोडकळीस येईपर्यंत वापरणाऱ्याचे काम ओईएमवर भागू शकते.

मात्र ओईएम प्रत मुळात पीसी जोडून विकणाऱ्यांसाठी असल्याने तिच्या ग्राहकाला मदत करण्याची जबाबदारी मायक्रोसॉफ्टची नसून यंत्र जोडणाऱ्याची असते, आणि घरच्या पीसीच्या बाबतीत तो जोडणारा आपणच असतो. स्वतःसाठी ही प्रत वापरण्याची मुभाही प्रत्येक आवृत्तीत सारखी नव्हती: विंडोज 7 च्या अटींत ती नव्हती, 2012 मध्ये विंडोज 8 सोबत ती स्पष्टपणे देण्यात आली. म्हणून आपण घेत आहोत त्याच आवृत्तीच्या अटी वाचाव्यात.

आणखी एक गल्लत वारंवार होते. अ‍ॅक्टिव्हेशन झाले म्हणजे परवाना वैध आहे, असे धरले जाते. अ‍ॅक्टिव्हेशन ही फक्त तांत्रिक तपासणी आहे. अटी मोडून वापरलेली ‘की’ (परवान्याचा अक्षर-अंकी संकेतांक) कधीकधी त्या तपासणीतूनही सुटते. इंटरनेटवर कवडीमोलाने मिळणाऱ्या कीबद्दल तर विशेष सावध राहावे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून ‘/डीएलआय’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत दिली की छोटी खिडकी उघडते आणि तिच्या वर्णनाच्या ओळीत ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी प्रकार दिसतो. सुटी विकत घेतलेली की तिथे व्हॉल्यूम दाखवत असेल, तर ती कंपन्या-संस्थांना दिल्या जाणाऱ्या घाऊक परवान्याची आहे. अशी की विकणाऱ्याला परत करून पैसे मागावेत.