पायावरची सूज: थकलेलं हृदय आणि फसलेलं मूत्रपिंड

नडगीच्या हाडावर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा तसाच राहिला, तर कातडीखाली पाणी साठलं आहे असं समजायचं. माझ्या आजोबांच्या पायावर डॉक्टरांनी असा खळगा पाडून दाखवला तेव्हा घरात सगळ्यांचा समज एकच होता, की पाणी फार पितात म्हणून पाय सुजतात. हृदयाचा पायाशी काय संबंध, हे कुणालाच उमगेना. त्याबद्दल स्वतःला बोल लावायचं कारण नाही. हा धागा जुळवायला वैद्यकशास्त्रालाही जवळजवळ तीनशे वर्षं लागली.

त्याआधी सूज हाच रोग मानला जाई. चरकसंहितेत शोथावर वेगळा अध्याय आहे आणि उदररोगांच्या आठ प्रकारांत पाण्याने भरलेलं पोट, म्हणजे जलोदर, हा एक आहे. युरोपातही अंगात पाणी भरण्याला ‘ड्रॉप्सी’ हे एकच नाव होतं, मग कारण हृदयात असो, यकृतात असो की मूत्रपिंडात.

1628 मध्ये विल्यम हार्वेने रक्त गोल फिरतं हे दाखवलं आणि मगच हा प्रश्न नीट विचारता येऊ लागला. रिचर्ड लोअरने 1669 मध्ये लिहिलेला प्रयोग वाचताना आजही थबकायला होतं. त्याने कुत्र्याची खालच्या अंगातून हृदयाकडे जाणारी मोठी शीर बांधली. काही तासांत कुत्रा मेला आणि त्याचं पोट जलोदर झाल्यासारखं पाण्याने भरलेलं निघालं. परतीची वाट अडली, की रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं हे त्यातून दिसलं.

औषध मात्र कारण कळण्याआधीच हाती आलं. इंग्लंडमधल्या श्रॉपशायरच्या एका म्हातारीचा ड्रॉप्सीवरचा काढा 1775 मध्ये विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे आला. त्यात वीसेक वनस्पती होत्या. त्यातली कामाची एकच, फॉक्सग्लोव्ह, हे त्याने ओळखलं आणि दहा वर्षांचे अनुभव 1785 मध्ये पुस्तकात मांडले. यश आणि अपयश दोन्ही त्याने लिहून ठेवलं, म्हणून मला हा माणूस फार मोठा वाटतो. काहींना गुण येई, काहींना मुळीच नाही. त्यामागचं एक कारण पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये सापडलं. रिचर्ड ब्राइट सुजलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवी. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठे, म्हणजे प्रथिनं लघवीवाटे चालली होती आणि दुखणं मूत्रपिंडाचं होतं. 1827 मध्ये त्याने हे छापलं आणि ‘ड्रॉप्सी’ या एका नावाखालचे रोग वेगळे होऊ लागले.

केशवाहिनीच्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीच्या, भिंतीपाशी काय घडतं, ते अर्नेस्ट स्टार्लिंगने 1896 मध्ये सांगितलं. रक्ताचा दाब पाण्याला बाहेर ढकलतो, रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. हृदयाची उजवी बाजू थकली की शिरांमध्ये रक्त तुंबतं, ढकलणारा दाब वरचढ होतो आणि पाय, यकृत, पोट सुजतं. डावी बाजू थकली की तेच फुफ्फुसात होतं. आजोबा तीन उश्या घेऊन बसल्या बसल्या झोपत, ते यामुळेच.

पण तुंबलेलं रक्त म्हणजे सगळा हिशेब नव्हे. अंगात काही लिटर जास्तीचं पाणी येतं कुठून? 1944 मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या वॉरन आणि स्टेड या डॉक्टरांनी मूत्रपिंडाकडे बोट दाखवलं. त्यांच्या निरीक्षणात आधी वजन वाढलं, शिरांमधला दाब नंतर. हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही, तेव्हा मूत्रपिंडाला वाटतं की अंगात रक्तच कमी पडलंय. जखमेतून रक्त वाहून गेल्यावर जे करायचं, तेच ते इथेही करतं: रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडतं. त्यातून पुढे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवतं, मीठ अंगात राहतं आणि मिठामागे पाणी. आधीच दमलेल्या हृदयावर हा वाढीव बोजा पडतो आणि चक्र फिरत राहतं. अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं ते 1953 मध्ये.

औषधं याच वाटेने आली. 1919 मध्ये व्हिएन्नात उपदंशासाठी दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शनाने लघवी अचानक वाढली, हे नर्सने ठेवलेल्या नोंदींवरून लक्षात आलं आणि पुढची काही दशकं पारा वापरला गेला. 1960च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं, घरोघरी ‘लघवीची गोळी’ म्हणतात ती. अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने गंभीर रुग्णांचं आयुष्य वाढतं हे 1999 मध्ये सिद्ध झालं.

पायावर सूज दिसते तोवर काही लिटर पाणी साठून गेलेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनकाट्याला ते आधी कळतं. आजोबा रोज सकाळी लघवीला जाऊन आले, की चहाच्या आधी काट्यावर उभे राहत आणि आजी कॅलेंडरवर आकडा लिही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, की डॉक्टरांना फोन जाई आणि ताटातलं लोणचं-पापड उचललं जाई.